कंगवाआत्याची पूर्वतयारी

“अजिबात दुखणार नाही हं,” असं फोटो स्टुडिओच्या मालकाचा पुतण्या म्हणाला आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

तोपर्यंत तीन वर्षांच्या फुग्याच्या डोक्यात दुखण्याचा विषयच नव्हता. नवा शर्ट टोचतोय आणि नवे बूट कडक आहेत, एवढ्याच त्याच्या तक्रारी होत्या आणि त्या त्याने आईच्या कानात सांगूनही झाल्या होत्या. पण हे वाक्य त्याने आठच दिवसांपूर्वी लस टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. त्याने स्टुडिओकडे नव्या नजरेने पाहिलं. भिंत पांढरी, वर झगझगीत दिवा, समोर एक अनोळखी माणूस गुडघ्यावर बसून गोड बोलतोय. आणखी पुरावा कशाला हवा? फुग्याने असा काही सूर लावला की खालच्या मजल्यावरचा किल्ल्या बनवणारा हातातलं काम टाकून जिन्यात येऊन उभा राहिला.

मग फुग्या पळाला. फोटो कापायच्या टेबलाखाली शिरला आणि टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून बसला. त्याच्या सात वर्षांच्या बहिणीला घरात ‘हेडबाई’ म्हणत. कारण ती बोलायला लागली तीच सूचना द्यायला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली की याला आधी सांगायला हवं होतं, पण कागदावर लिहिलं होतं ना, मुलांना काही सांगू नका म्हणून.

लिहिलं होतं खरं. सूचना क्रमांक सहा. लिहिणारा अर्थातच पुतण्या.

त्यांचे बाबा इस्त्रीचा शर्ट चुरगळण्याची पर्वा न करता टेबलासमोर ओणवे झाले. “ये, बाबाकडे ये,” म्हणाले. त्यासरशी आतला सूर आणखी दोन पट्ट्या वर गेला. बाबा तसेच मागे सरकले, उभे राहिले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

फुग्याच्या आईने पुतण्याला बाजूला घेऊन हळू आवाजात परिस्थिती सांगितली. बाबा जहाजावर इंजिनाच्या कामाला. परवा गुरुवारी दुपारी दोनला निघायचं, ते थेट अकरा महिन्यांनी यायचं. घरात फोटोंची काही वाण नाही, पण चौघांचा एकही नाही. मागच्या सुट्टीत जे काढले ते सगळे बाबांनीच काढले, त्यामुळे त्यांत ते नाहीत. आणि बाबा कुठे आहेत असं विचारलं की फुग्या अजूनही फोनकडे बोट दाखवतो, बाबा शेजारी बसलेले असले तरी. गेले पंधरा दिवस तो त्यांच्याशी घरी आलेल्या पाहुण्याशी वागावं तसा वागतोय. विचारलं तर उत्तर देतो, पण जवळ जात नाही.

“याच्या मांडीवर... म्हणजे यांच्या मांडीवर हा बसलाय असा एक फोटो हवा होता,” ती म्हणाली. “यांना तिकडे केबिनमध्ये लावायला.”

हे सगळं आधी कळलं असतं तर, असं पुतण्याच्या मनात आलं आणि पाठोपाठ हेही आलं की हे सगळं आधी कळावं म्हणूनच तर या स्टुडिओत एक माणूस गेली बावीस वर्षं ठेवलेलं होतं. आणि त्या माणसाला आपणच आतल्या खोलीत फ्रेमा पुसायला बसवलंय.

स्टुडिओ पुतण्याच्या काकांचा. पुतण्या तिथे चार महिन्यांपूर्वी काम शिकायला आला. काका गुडघ्याचं ऑपरेशन करून दोन महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा पुतण्याच्या हाती कारभार आला आणि कारभार हाती आलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. सुधारणा केल्या. निळी भिंत पांढरी केली. सतरंजी गुंडाळून ठेवली. आणि फोटोच्या आदल्या दिवशी कंगवाआत्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तास-दीड तास बसते, हा प्रकार बंद केला. एवढ्या वेळात चार पासपोर्ट फोटो निघतात, असं त्याचं गणित. त्याऐवजी त्याने अकरा सूचनांचा कागद तयार केला आणि तो गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पाठव की.” एवढंच. तिने भांडण काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

कंगवाआत्या कुणाचीच आत्या नव्हती. तिला भाऊच नाही, तर भाचरं कुठून येणार? पण चार रस्त्यांवरची निम्मी पोरं तिला आत्या म्हणत आणि त्या पोरांचे आई-बाप तर तिला आत्या म्हणतच मोठे झालेले. अंबाड्यात कायम एक काळा कंगवा खोवलेला, म्हणून कंगवाआत्या. बावीस वर्षांपूर्वी ती पलीकडच्या पाळणाघरात कामाला होती. तिथल्या सव्वीस पोरांचे ओळखपत्रासाठी फोटो काढायचे होते. ती सव्वीसही जणांना एकमेकांच्या शर्टाचं टोक धरायला लावून रांगेने घेऊन आली आणि दीड तासात सगळे फोटो उरकून, एकाच्याही डोळ्यांत पाणी येऊ न देता परत घेऊन गेली. काकांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि पाळणाघराच्या दारात जाऊन उभे राहिले. पगार किती हवा ते तुम्हीच सांगा, म्हणाले. लग्नाची मागणी घालतानाही माणूस इतका नम्र नसतो, असं आत्या पुढे कितीतरी वर्षं सांगायची आणि काकू प्रत्येक वेळी त्यावर मनापासून हसायची.

तिच्या कामाला नाव नव्हतं. फोटो काका काढत. आत्या माणसं तयार करायची. आदल्या दिवशी घरी जायची आणि तिथे बघायच्या गोष्टी बघायची. पोर किती वाजता झोपतं, भूक लागली की चिडतं की गप्प होतं, रुसलं की कुणाकडे जातं. नवे कपडे आणले असतील तर ते तिथल्या तिथे घालायला लावायची आणि त्याच कपड्यांत पोराला जेवू द्यायची. डाग पडला तर पडला. कपडा एकदा आपला झाला की पोर त्याला विसरतं, नाहीतर फोटोत ते पोर राहत नाही, नुसता कपडा उरतो, असं तिचं म्हणणं. पण खरी तयारी मोठ्यांची. मुलं तयारच असतात, ती म्हणायची. आई-बापांना दम निघत नाही. ‘हस’ म्हणायचं नाही, ‘शहाण्यासारखा बस’ म्हणायचं नाही, ‘एकच मिनिट’ तर मुळीच म्हणायचं नाही, कारण तीन वर्षांच्या पोरालासुद्धा ते खोटं आहे हे माहीत असतं. ज्या आया शेवटच्या क्षणापर्यंत पोराची बट सारखी करत राहतात त्यांच्या हातात ती मूठभर केसांच्या पिना द्यायची, सांभाळा म्हणून. हात अडकले की बट सुटते आणि फोटो चांगला येतो. पोट आत ओढून श्वास कोंडून बसणाऱ्या बापांना ती मधेच पत्ता विचारायची. पत्ता सांगायला श्वास सोडावाच लागतो.

स्टुडिओत जुन्या अल्बमचा कपाटभर ढीग होता. काम शिकायचं म्हणून पुतण्या पहिल्या महिन्यात तो चाळायला बसला तेव्हा एक गोष्ट त्याला खटकली होती. बावीस वर्षांच्या त्या फोटोंमधली झाडून सगळी माणसं कॅमेऱ्यात बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या वीतभर डावीकडे बघत होती. त्याने ती काकांच्या कामातली चूक समजली आणि मोठ्या मनाने कुणाला सांगितली नाही. तिथे आत्या उभी असते, हे त्याच्या लक्षात यायला पुढे बरेच दिवस लागले.

तर त्या मंगळवारी रडण्याचा आवाज ऐकून आत्या आतून बाहेर आली. कुणाकडे न बघता टेबलाशी गेली, फुग्याकडे पाठ करून जमिनीवर बसली आणि मागे हात नेऊन म्हणाली, “बूट काढायचे का?”

थोड्या वेळाने एक बूट टेबलाखालून बाहेर आला. मग दुसरा. रडणं निम्म्यावर आलं.

फुग्याच्या आईकडून थोडक्यात सगळं ऐकून घेऊन आत्या म्हणाली की आज काही होणार नाही, घरी जा आणि याला त्याच्या जुन्या चपला द्या. उद्या चारला, हा झोपून उठला की मी येते. फोटो परवा सकाळी दहाला. दोनला निघायचंय ना, मग भरपूर वेळ आहे. हे सगळं ती इतक्या साधेपणाने बोलली की फुग्याच्या आईचा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र जिना उतरताना बूट हातात घेऊन सगळ्यांच्या मागून, दोन पायऱ्या अंतर ठेवून उतरले.

“उद्या तूही येणार,” आत्या पुतण्याला म्हणाली.

पुतण्याने दुकानाचं कारण काढून बघितलं.

“पोराला घाबरवलं कुणी, दुकानाने?”

दुसऱ्या दिवशी चार वाजता दोघं त्या घरी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, दारात चौघांच्या चपला. बाबांच्या चपला नव्या कोऱ्या, बाकीच्यांच्या झिजलेल्या. आत्याच्या पिशवीत काकांचा एक जुना कॅमेरा होता. त्याच्या आतलं सगळं केव्हाच निघून गेलं होतं, नुसतं कवच आणि भिंग उरलं होतं. पण डोळा लावला की पलीकडचं दिसायचं आणि बटण दाबलं की खट्ट वाजायचं.

फुग्या पलंगाच्या कडेला उभा होता. पुतण्याला बघून तो एक पाऊल मागे सरकला. आत्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने हेडबाईच्या हातात कॅमेरा दिला आणि सांगितलं, या दादाचा फोटो काढायचाय, पण जरा सांभाळून, त्याला फोटो काढून घ्यायची फार भीती वाटते.

पुतण्याला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण आत्याच्या नजरेतला अर्थ कळायला शिक्षण लागत नाही. तो खुर्चीवर बसला, अंग चोरलं, डोळे मिटले, आणि नको नको म्हणायला लागला. पहिल्यांदा तो लाजत लाजत म्हणाला. मग हेडबाईने त्याला ‘सरळ बस, खांदे पाड, रडकं तोंड चालणार नाही’ असं फैलावर घेतलं तेव्हा त्याला खरोखरच थोडी भीती वाटायला लागली. पोरगी कॅमेरा घेऊन पुढे पुढे येत होती आणि आता तिने वापरलेली सगळी वाक्यं त्याच्या अकरा सूचनांमधलीच होती.

फुग्या पलंग सोडून पुढे आला. बराच वेळ बघत राहिला. मग जवळ येऊन त्याने पुतण्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “सुई नाहीये त्यात,” म्हणाला. “मी बघितलं.”

पुढचा अर्धा तास त्या घरातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो निघाला. फुग्याने पुतण्याचे सात काढले, पंख्याचे दोन, आईचे चार. आत्या भिंतीला टेकून पाणी पीत बसली होती. पुतण्याला वाटलं की काम झालं. त्याने निघायची हालचाल सुरू केली तेव्हा आत्याने त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं. भीती गेली, पण काम अजून तसंच आहे, असं ती पुटपुटली आणि तिने हनुवटीने बाबांकडे खूण केली.

बाबा हात पसरून बसले होते. “माझा काढ ना. ये, इथे मांडीवर बसून काढ. ये की.” फुग्याने त्यांचा लांबूनच एक फोटो काढला, सभ्यपणे, आणि आईच्या मागे गेला. बाबांनी पुन्हा हाक मारली. तो आणखी मागे गेला. बाबा हसले, पण ते हसणं बघून पुतण्याने पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

आत्याने मग एक चमत्कारिक गोष्ट केली. तिने दारातून फुग्याची जुनी चप्पल आणली, तिचा पट्टा सुटायला आलाय म्हणाली आणि बाबांच्या हातात दिली. बघा काही करता येतंय का. बाबांनी चप्पल उलटीसुलटी करून पाहिली, मग कपाटातून चिमटा आणि दाभण काढलं आणि ते जमिनीवर मांडी घालून कामाला लागले. दोन मिनिटांत ते विसरले की घरात पाहुणे आहेत. खांदे सैल झाले, जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली. आणि फुग्या, आईमागून निघून, पलंगाला वळसा घालून, आपण दुसरीकडेच चाललोय असं दाखवत, त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. मान लांब करून चप्पल बघायला लागला. नीट दिसेना, म्हणून त्याने एक हात बाबांच्या खांद्यावर टेकला.

बाबांनी वळून बघितलं. हात गेला.

निघताना आत्या त्यांना जिन्यापर्यंत बाजूला घेऊन गेली. पुतण्याला चपला घालता घालता ऐकू आलं ते एवढंच. “तुम्ही बोलावू नका हो त्याला. पंधरा दिवस झाले, तुम्ही सारखे बोलावताय. कुणी सारखं बोलावलं तर आपण तरी जातो का? उद्या तुम्ही फक्त तुमचं काम करा.”

बाबांनी विचारलं की उद्या माझं काय काम?

“ते मी बघते,” आत्या म्हणाली. फुग्याच्या आईला तिने मांडीचा हट्ट सोडायला सांगितला. आईने मान हलवली, पण ती हलवण्यात सगळं काही सुटलेलं नव्हतं.

परत येताना पुतण्याने विचारलं की हे कसं कळलं. आत्या म्हणाली की तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. लग्नानंतर पहिलं वर्षभर तो तिच्याशी समोर बसून धड चार वाक्यं बोलला नव्हता. पण तो भिंग लावून काम करत असला की ती शेजारी जाऊन बसायची आणि मग तो मान वर न करता तासभर बोलायचा. काही माणसं तोंडाने जवळ बोलावू शकत नाहीत, ती म्हणाली, त्यांचे हात कामात असले की त्यांच्याजवळ बसायला जागा होते. हे सांगून तिने रस्त्यावरच्या दुकानात पिनांचं नवं पाकीट घेतलं.

गुरुवारी सकाळी पुतण्याने सतरंजी पुन्हा अंथरली. पांढरी भिंत एका रात्रीत निळी करता येणार नव्हती, म्हणून काकांचा जुना पडदा लावला. दहाला पाच मिनिटं असताना चौघं आले. फुग्या जुन्या चपला घालून, नव्या शर्टावर सकाळच्या दुधाचा डाग मिरवत आला. त्याने पुतण्याला ओळखीचं हसू दिलं आणि भीती वाटते का म्हणून विचारलं. पुतण्या म्हणाला, थोडी. त्यात खोटं काही नव्हतं.

आत्याने आईला पिना दिल्या. हेडबाईला सगळ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं, जे ती न सांगताही करत होती. मग पडद्यापुढे एक बुटकं लाकडी स्टूल ठेवलं आणि बाबांना बसायला सांगितलं. बाबा बसले, आणि स्टूल एका बाजूला लचकलं. ते उठले, उलटं करून पाहिलं. पाय सैल होता.

“अरे देवा,” आत्या म्हणाली. “थांबा, दुसरं देते. हे काय आता व्हायचं नाही.”

जहाजाचं इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला व्हायचं नाही म्हणून सांगणं म्हणजे काय ते पुतण्याला तेव्हा कळलं नाही. बाबांनी विचारलं, स्क्रूड्रायव्हर आहे का? तो आत्याच्या पदरामागेच होता. बाबा सतरंजीवर मांडी घालून बसले, स्टूल मांडीवर उलटं घेतलं आणि बाह्या वर सारल्या. हेडबाई स्क्रू हातात धरून शेजारी बसली, हरवायला नको म्हणून. आई मागच्या पेटीवर पिना सांभाळत टेकली. आत्या कॅमेऱ्याच्या वीतभर डावीकडे जाऊन उभी राहिली.

ठरलं होतं असं की आत्याने अंबाड्यातला कंगवा काढला की बटण दाबायचं. काकांची आणि तिची ही बावीस वर्षांची खूण.

बाबा मान खाली घालून काम करत होते. कुणाला बोलावत नव्हते. ते किती कष्टाने बोलावत नव्हते, ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून भिंगातून दिसत होतं. फुग्या पडद्याशी गेला. पडदा हलवून बघितला. परत आला. स्टुलाचा चौथा पाय मोजल्यासारखा बोटाने शिवून गेला. मग वळसा घालून बाबांच्या पाठीशी आला, पाठीवर रेलला, आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून आत बघायला लागला. बाबांचा हात क्षणभर थांबला. पण ते वळले नाहीत. पुन्हा पिळायला लागले.

“असं नाही,” फुग्या त्यांच्या कानाशी म्हणाला. “बाबा, तिकडून फिरव.”

घरात फोनला म्हणायचा तो शब्द त्याने पहिल्यांदाच असा कानाशी, तोंडातल्या दुधाच्या वासासकट म्हटला होता. बाबांनी मुकाट्याने तिकडून फिरवलं. मागे बसलेल्या आईच्या मुठीतून दोन पिना घरंगळल्या. हेडबाई फुग्याला बरोबर आहे की चूक ते सांगायला तोंड उघडत होती. पुतण्याने बटण दाबलं.

कंगवा अंबाड्यातच होता. आत्याने तो नंतर, काही क्षणांनी काढला, आणि तो काढून आपले स्वतःचे केस विंचरले. चार महिन्यांत तिने पुतण्याचं केलेलं हे पहिलं कौतुक.

पुढे आणखी चाळीसेक फोटो निघाले. त्यांतल्या एकात फुग्या मांडीवरही होता, कारण स्टूल दुरुस्त झालं की त्यावर बसून बघणं ओघानेच आलं, आणि बाबा स्टुलावर, तर तो बाबांवर. पण आईने निवडला तो पहिलाच. त्याच्यात कुणीही समोर बघत नव्हतं. पुतण्याच्या अकरा सूचनांपैकी त्यात एकही पाळलेली नव्हती. त्याने तो तिथेच छापून, कापून, दोन पुठ्ठ्यांत घालून दिला. बाबांनी तो पिशवीत ठेवला, काढला, पुन्हा बघितला आणि आतल्या खिशात घातला.

निघताना त्यांनी स्टूल हलवून पाहिलं. पक्कं. पुतण्या म्हणाला की याचं काय द्यायचं ते सांगा, फुकट कसं करून घ्यायचं? बाबा म्हणाले, पैसे कसले घेतोस, पुढच्या सुट्टीत आलो की एक चहा पाज. पुतण्याने वचन दिलं. जिन्यात या वेळी फुग्या बाबांच्या पुढे दोन पायऱ्या होता आणि प्रत्येक पायरी कशी उतरायची ते त्यांना वळून वळून शिकवत होता.

जिन्यातले आवाज विरले तशी आत्या स्टूल घेऊन खिडकीशी बसली. स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि बाबांनी घट्ट बसवलेला स्क्रू तिने शांतपणे, मोजून अडीच फेरे, सैल केला.

पुतण्या बघतच राहिला. तिने सांगितलं की या गावातल्या निदान दीडशे बापांनी ते दुरुस्त केलंय. एकदा एका सुताराने खिळाच मारून दिला होता, तेव्हा खिळा काढायला आठवडा गेला. शनिवारी एक जुळ्यांचा बाप येणार आहे, त्यालाही हात कुठे ठेवायचे कळत नाही, उद्या चारला त्यांच्याकडे जायचंय.

“म्हणजे चहा तुमच्याकडे लागला,” पुतण्या म्हणाला. “सैल तुम्ही केलं होतं.”

“वचन कुणी दिलं?”

“स्टूल काकांचं आहे.”

“मग त्यांना विचार. चालायला लागले की पाजतील.”

वाद मिटला नाही. काकांना विचारलं तर त्यांनी अंथरुणातूनच सांगितलं की असे दीडशे चहा द्यायचे राहिलेत, एकाने काय होतंय. तेव्हा तो एक चहा अजून कुणाकडे तरी लागतोच. जहाज यायला अकरा महिने आहेत.